घर पातेल्यापाशी उतरतं

त्या पावसाळ्यात नदीने इस्काची शेवग्याची दोन झाडं नेली, डुकराचं रिकामं खुराडं नेलं आणि शेवटी कपडे धुवायचा दगडही नेला. झाडं जातात हे समजण्यासारखं आहे, पण दगडाला कुठे जायचं होतं, असं ती दोन दिवस म्हणत होती. तिसऱ्या दिवशी ती होडीने बंदराच्या गावी गेली आणि सरकारी कचेरीत एक मुलगी मागून आली.

मुलगी अशी मागून मिळत नाही, हे तिला तिथेच सांगण्यात आलं. आधी कागद लागतात.

मुलगी तिने मे महिन्यातच पाहिली होती. इस्का निपाची झापं शिवते. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या निपा माडाची पानं कापून आणायची, कामटीवर दुमडायची, वेताच्या सालीने शिवायची, उन्हात वाळवायची. आमच्या कान्सुराय गावातली निम्मी छपरं तिच्या हातची आहेत आणि उरलेली निम्मी गळतात. बंदराच्या गावात, आईबाप नसलेल्या किंवा असून नसलेल्या मुलांसाठी एक तात्पुरता निवारा आहे. त्याची ओसरी शाकारायला ती दोन दिवस गेली होती. एक सात वर्षांची मुलगी शिडीखाली उभी राहून झापं वर देत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत ती एकदाच बोलली. झापं मोजताना इस्का "एकशे बारा" म्हणाली तेव्हा ती "एकशे तेरा" म्हणाली. तिचं बरोबर होतं.

काम संपवून इस्का खाली उतरली, तेव्हा मुलीने वर बघत विचारलं, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"हे छप्पर."

"वादळ आलं नाही तर सात वर्षं."

मुलीने मान हलवली. एवढं तिला चालण्यासारखं वाटलं.

तिचं नाव बिनिंग. ती कुठल्याही घरात शिरण्याआधी हेच विचारते, हे इस्काला नंतर कळलं. मावशीच्या दारात विचारलं, चर्चमागच्या खोलीत विचारलं, एका शेजारणीकडे विचारलं. उत्तरं मिळाली ती अशी: कायमची, थोडे दिवस, बघू या. निवाऱ्यात उत्तर मिळालं, ऑगस्ट संपेपर्यंत. आणि हे एकच खरं निघणार होतं. ऑगस्टअखेर ज्या मुलांना परवाना असलेलं घर मिळणार नाही, त्यांना सोमवारच्या बोटीने मोठ्या शहरातल्या संस्थेत पाठवणार होते. तिथे चारशे मुलं होती आणि छप्पर सिमेंटचं होतं.

कचेरीतल्या मॅम किरांते लहान चणीच्या होत्या आणि पर्स मोठी होती. त्यांनी इस्काला प्रतिपालक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मूल तुमचं होत नाही, ते तुमच्याकडे असतं, तुम्ही सांभाळायचं, सरकार बघत राहणार.

"नवराही तसाच होता," इस्का म्हणाली. नवरा मालाच्या बोटीवर होता, अकरा वर्षांत एकंदर चौदा महिने घरी राहिला आणि मग बोटीवरच वारला. मॅमनी ते लिहून घेतलं. त्या सगळंच लिहून घेत.

मग कागद सुरू झाले. पोलिसांचा दाखला, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, छातीचा फोटो. छातीचा फोटो इस्काला फार आवडला. तिने तो खिडकीत लावला, आणि दुपारी ऊन आलं की तिच्या बरगड्या भिंतीवर पडायच्या. गावच्या कॅप्टनचा, म्हणजे गावप्रमुखाचा, दाखला हवा होता, की ही बाई सहा महिने कान्सुरायमध्ये राहते आहे. ती एकोणपन्नास वर्षं राहत होती, पण सहाचाच दाखला हवा होता, म्हणून कपितान बादोंनी सहाचा दिला. तीन शेजाऱ्यांची पत्रं हवी होती. एक मी लिहिलं. दुसऱ्याने स्वतःचीच शिफारस लिहून दिली, कारण असं पत्र त्याच्याकडे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरने तिचं डोकं तपासलं. कागद पुढे करून घर काढा म्हणाला. इस्काने आमची सगळ्यांची असतात तसं घर काढलं, बांबूच्या खांबांवर, निपाच्या छपराचं. खांबांना पावलं काढली. पावलं का, असं त्याने विचारलं. तिने कागद परत ओढून घेतला, बघितला आणि म्हणाली की हात गेला तसा गेला. डॉक्टरने बराच विचार करून शेरा लिहिला: कल्पनाशक्ती आहे, धोका नाही.

मग मॅम घर बघायला आल्या. त्यांच्या बुटाची टाच जमिनीच्या कामट्यांच्या फटीत अडकली, ती काढेपर्यंत निम्मे प्रश्न झाले होते. राग आला की काय करता, असं त्यांनी विचारलं. शिवते, इस्का म्हणाली. आणि खूप राग आला तर? इस्काने वर बोट दाखवलं. आमच्याकडे छपराला झापांचा एक थर असतो. तिथे तीन होते.

कोपऱ्यात चटईवर इस्काची सासू होती, लोला ओयांग, म्हणजे ओयांग आजी. वय चौऱ्याऐंशी. ती दिवसातला बराच वेळ झोपते आणि जागी झाली की झोपेत पाहिलेलं बातमीसारखं सांगते. ऐकणाऱ्याला कधी कधी ते दोन दिवसांनी खोटं वाटतं आणि कधी कधी दोन महिन्यांनी खरं. त्या दिवशी ती डोळे न उघडता म्हणाली की घर होडी झालेलं आहे, पण पाणी कुणी ठेवलेलं नाही.

मॅमनी पर्समधून टेप काढला. नदीच्या काठापासून घरापर्यंत अकरा मीटर भरलं.

"वीस लागतात," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

"नदीला सांगितलंय का?" लोलाने विचारलं.

मॅम ओशाळल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्याकडे फक्त टेप होता. त्या म्हणाल्या, बाकी सगळं ठीक आहे, पण अकरा मीटरवर मूल देता येणार नाही. येत्या गुरुवारी बिनिंगला घर दाखवायला घेऊन येईन म्हणत होते, शुक्रवारी समिती बसणार, आणि सोमवारी बोट. गुरुवारपर्यंत नवं घर बांधून होईल का, असं त्या विचारणार होत्या. पण विचारता विचारताच त्यांना ते कसंतरी वाटलं असावं. त्यांनी पुढचा प्रश्न वाचला: येत्या सहा महिन्यांत राहण्याची जागा बदलण्याचा विचार आहे का?

"आहे," इस्का म्हणाली. "चाळीस मीटर."

*

घर उचलायचं म्हणजे अवघड काही नसतं. आतली भांडी बाहेर काढायची, खांबांभोवतीची माती मोकळी करायची, घराच्या कामट्यांच्या जमिनीखालून आडवे-उभे लांब बांबू घालून वेताने आवळायचे, आणि चोवीस माणसांनी त्याखाली खांदे द्यायचे. मजुरी नसते. खायला असतं. आलं घातलेली, कोंबडीची, भाताची पातळ पेज, तिला आम्ही पोस्पास म्हणतो. जिथे घर न्यायचं तिथे आधीच चूल मांडून पातेलं चढवलेलं असतं. खांद्यावर घर घेतलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही, फक्त आपली पावलं आणि पुढच्याच्या टाचा. म्हणून नेम धरायचा नसतो. वास येतो तिकडे चालायचं. घर पातेल्यापाशी उतरतं.

मंगळवारी पहाटेनंतर धुकं इतकं होतं की म्हशीला तिचं शेपूट दिसत नव्हतं. आम्ही चोवीस जण जमलो. माझी जागा उजवीकडून तिसरी. इस्काने लोलाला खाली यायला सांगितलं. लोला म्हणाली की या घरात मी एकदा चढले, उतरेनही एकदाच, आणि ते आज नाही. ती परत झोपली. तिचं वजन एका बदकाएवढं आहे, म्हणून कुणी वाद घातला नाही.

कपितान बादोंनी हाक दिली आणि घर उठलं.

खांब जमिनीतून निघाले तेव्हा दात निघाल्यासारखा आवाज आला. मग कुठलाच आवाज आला नाही. अठ्ठेचाळीस पावलं ओल्या गवतातून चालत होती आणि वर ते घर, धुक्यात, छपरासकट. बाहेरून बघणाऱ्या बायका म्हणतात की आम्ही दिसतच नव्हतो. फक्त घर चाललं होतं, खिडकीत इस्काच्या बरगड्यांचा फोटो, आणि भाताच्या रोपांवरून त्याची सावलीसुद्धा पडत नव्हती. मला फक्त पुढच्याच्या टाचा दिसत होत्या. एकदा वरच्या फटीतून लोलाचं बोट खाली आलं आणि माझ्या टाळूला लागलं. तिने ते जरा फिरवलं आणि वर घेतलं. "पाणी आहे," ती आत कुणाला तरी म्हणाली. मी घामाघूम होतो.

वाटलं त्यापेक्षा वेळ लागला. पण आल्याचा वास येत होता, म्हणून आम्ही चालत राहिलो, आणि वास अगदी नाकात आल्यावर घर उतरवलं.

इस्काने आदल्या दिवशी जागा पावलांनी मोजून पांढरं फडकं रोवलं होतं. तिच्या चुलतबहिणीने, साबेलने, चूल तिथेच मांडली होती. पण धूर डोळ्यांत जायला लागला. म्हणून तिने चूल उचलून फणसाखाली नेली. पंचवीस पावलांचा तर प्रश्न होता.

धुकं वितळलं तेव्हा आम्ही तिसरी वाटी खात होतो. घर फणसाखाली फार छान दिसत होतं. मग कपितान बादोंचा घास हातातच राहिला. ते घराखाली वाकून काहीतरी बघत होते. घराच्या बरोबर मधून, या खांबापासून त्या खांबापर्यंत, एक बुजलेला चर गेला होता. तो चर म्हणजे आमच्या आणि तिगबाव गावाच्या मधली हद्द. ती कुठे आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त डोक्यावर घर नसावं लागतं.

कपितान बादो म्हणाले की कुणाच्या लक्षात येणार नाही. आम्हालाही तसंच वाटलं, कारण आमची पोटं भरली होती.

*

गुरुवारी सकाळी तिगबावच्या कॅप्टन, कपिताना लुमेन, हातात नवा झाडू घेऊन आल्या. नव्या रहिवाशाला त्या झाडू देतात. पाठोपाठ बांधावरच्या रस्त्यावर जीप थांबली आणि मॅम किरांते उतरल्या. बिनिंगही उतरली, पण पुढे आली नाही. चाकापाशी उभी राहिली, पाठीला पिशवी, पायात तिच्या मापापेक्षा मोठ्या रबरी चपला.

झाडू बघून मॅमनी हा काय प्रकार आहे ते विचारलं. कपिताना लुमेननी सांगितलं. त्या खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा दोष आहे. चटई जिथे अंथरलेली असते तिथे माणूस राहतो, असं त्यांचं म्हणणं. चटई चराच्या पलीकडे, म्हणजे ही बाई परवापासून तिगबावची. कपितान बादोंचं म्हणणं की माणूस जिथे जेवतो तिथे राहतो, आणि चूल अलीकडे आहे. यावर त्या दोघांनी बरीच चर्चा केली. मॅमनी फाइल उघडली, मिटली, परत उघडली. फाइलमध्ये कान्सुरायचा दाखला होता. तिगबावच्या दाखल्याला सहा महिने लागणार होते आणि बोट सोमवारी होती.

लोला आतून म्हणाली, "माझी उशी कान्सुरायमध्ये आहे आणि पाय तिगबावमध्ये. पायांत वात आहे. ते नेलेत तरी चालतील."

इस्का मॅमकडे बघत होती.

"मॅम, जीप कधी निघणार?"

"बाराला. समितीचे कागद आजच द्यायचेत."

"फडक्यापाशी घर असलं तर?"

मॅमनी फडक्याकडे पाहिलं, मग चोहीकडे पाहिलं. लावणीचा दिवस होता. दोन्ही गावांतली माणसं शेतांत वाकलेली होती, दूरदूर पसरलेली, पाण्यात स्वतःचीच पाठ बघत असल्यासारखी. लावणीतून माणूस उठत नाही. आई मेली तरी ओळ पुरी करतो.

"असलं तर ठीक," मॅम म्हणाल्या. "पण नाहीये."

इस्काने आलं काढलं, तांदूळ धुतले. कोंबडी नव्हती. होत्या त्या दोन्ही मंगळवारीच संपल्या होत्या. तेव्हा कपितान बादो घरी गेले आणि काखेत सेनादोरला घेऊन आले. सेनादोर त्यांचा झुंजीचा कोंबडा. पाच वर्षांत एकदाही हरलेला नव्हता, कारण गुडघ्याच्या दुखण्यामुळे कधी उतरलाच नव्हता. त्यांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याला इस्काच्या हातात दिलं. मग ते फणसाकडे तोंड करून उभे राहिले. कपिताना लुमेननी त्यांना झाडू दिला. दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

या वेळी इस्काने चूल स्वतः मांडली, फडक्याच्या बुंध्याशी. धूर तिच्याच तोंडावर येत होता. ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहू दिलं आणि पळीने ढवळत राहिली.

पहिला वास कांद्याचा गेला. मग आल्याचा. सेनादोर म्हातारा होता, पण त्याचा रस्सा दाट झाला, आणि तो वास पाण्यावरून घसरत लांब लांब गेला. मी तेव्हा शेतात होतो. मी मान वर केली. शेजारच्यानेही केली. आम्ही झोपेत चालल्यासारखे निघालो, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात अजून रोपांच्या जुड्या. तिगबावची माणसंही निघाली. त्यांना अडवायचं का, असं कुणीतरी कपिताना लुमेनना विचारलं. त्या म्हणाल्या की गावाबाहेर घर काढायला माझी माणसं लागली तर त्यात बेकायदा काय आहे.

तेवीस जण झाले. माझ्या शेजारची जागा, उजवीकडून चौथी, रिकामी होती. मॅम किरांतेंनी घड्याळ बघितलं, फाइल फणसाच्या फांदीत ठेवली, बूट काढले आणि तिथे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा बांबूपर्यंत पोहोचत नव्हता. त्यांनी खांद्यावर पर्स ठेवली आणि पर्सवर बांबू घेतला. शुक्रवारी समितीपुढे त्यांना उजवा हात वर करता आला नाही. इस्काच्या परवान्यावरची त्यांची सही डाव्या हाताची आहे, ती बघितलीत तर कोंबड्याने केल्यासारखी वाटेल, आणि तेही योग्यच आहे.

घर उठलं. चर मागे पडला, ते आम्हाला पावलांखालच्या मातीवरून कळलं. मग एकदम पुढच्याच्या टाचा थांबल्या. मी थांबलो. वाकून पुढे पाहिलं. घराच्या समोर, वाटेच्या बरोबर मधोमध, दोन मोठ्या रबरी चपला होत्या आणि त्यांत दोन लहान पाय.

बिनिंग आजवर चार घरांकडे चालत गेली होती. तिच्याकडे चालत आलेलं हे पहिलंच.

"किती दिवस?" तिने विचारलं.

तेवीस माणसं आणि एक मॅम, सगळ्यांच्या खांद्यांवर घर. मॅमकडे छापील उत्तर होतं, पण त्यांना दम लागला होता. इस्का तिकडे पातेल्यापाशी, तिला ऐकू जात नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की घर मध्येच थांबलं आहे. तिची पळी थांबली.

खिडकीतून लोलाचं डोकं बाहेर आलं. केस कापसासारखे, एका गालावर चटईची नक्षी. तिने मुलीकडे बराच वेळ पाहिलं, झोपेत नुकत्याच पाहिलेल्या कुणाला तरी परत बघावं तसं.

"घराचा भरवसा देता येत नाही, बाळ," ती म्हणाली. "हे दर दोन दिवसांनी जातं. आत असेल तो बरोबर जातो."

बिनिंग विचार करू लागली. माझ्या मानेतली शीर फुगली होती. मागे कुणीतरी देवाच्या आईचं नाव घेतलं. "करू दे तिला विचार," मॅम दातांतून म्हणाल्या.

मग मुलगी माझ्याजवळ आली. तिने चपला काढल्या, त्या पिशवीत घातल्या, माझ्या मांडीवर एक पाय दिला, मॅमच्या पर्सवर दुसरा, आणि दारातून आत गेली. वजन वाढलं. आम्हाला ते नीट कळलं.

आम्ही चाललो. वास आता सगळीकडेच होता, पुढे, मागे, आमच्या ओल्या सदऱ्यांत. वारा फिरला होता. कुठे थांबायचं ते कुणालाच समजेना, आणि मला वाटतं आम्ही परत चुकलो असतो, सरळ नदीत गेलो असतो, घर, म्हातारी, मुलगी आणि सरकारसकट.

"पेंगू नकोस," वर लोला कुणाला तरी म्हणाली. "मी पेंगले म्हणून परवा चुकलं. बघत राहा."

वर कामट्या करकरल्या. कुणीतरी गुडघ्यांवर सरकत खिडकीशी गेलं.

"अजून," वरून आवाज आला. मोजल्यासारखा, शांत. "अजून. डावीकडे. ती बाई रडतेय."

"धूर आहे," लोला म्हणाली.

"अजून थोडं. अजून."

आम्ही टाचा बघत चालत होतो.

"थांबा," बिनिंग म्हणाली. "इथे."